नांदेडच्या मोठ्या मॅडम

२०१७ साल होतं. पोळा होऊन आठवडा झाला असेल. बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून उतरला नव्हता. भर दुपारी पंचफुला सिस्टर माझ्या ओसरीवर आली, चपला काढल्या, कोपऱ्यातल्या रांजणातून स्वतःच पाणी घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, मला इंग्रजीत रिपोर्ट लिवायचा हाय. शिकवा."

"आत्ता? रिटायर व्हायची वेळ आली तुझी."

"व्हईन की. पण त्याच्या आदीच काढून टाकलं तर? चौकशी लागली हाय माझ्यावर."

मग ती खाली बसली. पंचफुला कधी भिंतीला टेकून बसत नसे. त्या दिवशी टेकली.

मी तिला आठवीपासून ओळखते. नायगावला मुलींच्या शाळेत मी नवीनच इंग्रजीची बाई म्हणून लागले होते आणि ग्यानोबा वाघमाऱ्यांची ही पोरगी शेजारच्या गावाहून पायी यायची. इंग्रजीत जेमतेम पास. पण फळा पुसायला सांगितला की आधी फळ्यावरचं सगळं वाचून काढायची, मगच पुसायची. बाकीच्या पोरी ओरडायच्या, "ए फुले, पूस की लवकर!" ही आपली वाचतेच आहे. पुढं ती नर्सिंगला गेली, नोकरीत फिरत फिरत आमच्याच गावच्या सरकारी दवाखान्यात आली, आणि मीही निवृत्त होऊन इथंच घर बांधलं. गावाचं नाव लिहीत नाही. बिलोली आणि नायगावच्या मधलं गाव, एवढं पुरे. त्या दवाखान्यात आजही माणसं नोकरी करतात.

पुढचं सांगण्याआधी मोठ्या मॅडमबद्दल सांगायला हवं.

पंचफुला गावात नवी आली तेव्हा तिचं कुणी ऐकत नसे. एक तर नर्स, त्यात वाघमाऱ्यांची. बाळाला पहिलं दूध पाजा म्हटलं की सासवा तोंड फिरवायच्या. "आमच्यात पाजत न्हाईत." बाळंतिणीला पाणी द्या म्हटलं की, "आमच्यात देत न्हाईत." एकदा एका म्हातारीशी हुज्जत घालून घालून ती दमली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मला काय सांगता आजी? नांदेडच्या मोठ्या मॅडमनी ठरवलं हाय. कागद आला हाय." म्हातारीनं निमूट बाळाला आईच्या कुशीत दिलं.

पंचफुला मला हे सांगायला आली तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तेव्हापासून मोठ्या मॅडम गावात नांदू लागल्या. लसी कधी द्यायच्या ते त्या ठरवत. कुठल्या पोरीला शहरात दाखवायचं, कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन यंदाच करायचं, कुणी मिसरी सोडायची, सगळं त्याच ठरवत. लोक विचारत, कशा आहेत हो मॅडम? पंचफुला म्हणे, "चष्मा हाय. हसत न्हाईत." हंगामात कुणीतरी त्यांच्यासाठी हुरडा पाठवायचं, तो आम्ही दोघी माझ्या ओसरीवर बसून खायचो. एकदा गावातला एक पुढारी नांदेडला जाऊन आला आणि चावडीसमोर म्हणाला, "भेटलो बा मोठ्या मॅडमला. आपल्या गावाची लई याद करून राहिल्या होत्या."

अशी कुणी बाई नांदेडात नव्हती. कुठंच नव्हती. हे मला ठाऊक होतं आणि दवाखान्यातल्या शिवांगीला. शिवांगी म्हणजे पंचफुलाच्या हाताखालची तरुण नर्स, कंत्राटावर लागलेली.

पोळ्याच्या आधी काय झालं ते पंचफुलानं मला त्या दुपारी पुन्हा सगळं सांगितलं, जरी गावात एव्हाना ते पाठ झालेलं होतं.

त्या दिवशी नायगावचा बाजार. आमचे डॉक्टर सुदर्शन बिलोलीच्या कोर्टात साक्षीला गेलेले. सरकारी डॉक्टरला मारामारीच्या केसमध्ये साक्षीला जावंच लागतं, आणि कोर्टात फोन बंद. दवाखान्यात पंचफुला एकटी. अण्णारावांची सून तनुजा पोटात दुखतंय म्हणून आली. अण्णाराव म्हणजे गावातलं हळदीचं मोठं घर. पहिलटकरीण, नववा भरलेला, तोंडावर सूज, बी.पी. चढलेलं. पंचफुला खाटेजवळ वळते न वळते तोच पोरीला झटका आला. डोळे फिरले, दात बसले. अशा वेळी कोणतं इंजेक्शन द्यायचं ते पंचफुलाला माहीत होतं, ते तिनं दिलं आणि एकशे आठची गाडी बोलावली. गाडी आली. पण तनुजाच्या सासूनं स्ट्रेचर धरून ठेवलं.

"मालक बाजारातून आल्याबिगर हलवायचं न्हाई. हितंच व्हईल बाळंतपण."

"मावशी, पोरगी जाईल."

"तुमी ठरवणाऱ्या कोण?"

तनुजाचा नवरा बजरंग तिथंच उभा होता. तो एकदा आईकडं बघे, एकदा गाडीकडं. पंचफुलानं दोघांकडं पाहिलं आणि म्हणाली, "मी कोण ठरवणारी? मोठ्या मॅडमचा आत्ताच फोन आला. त्यांनी ठरवलं हाय, नांदेडला न्यायचं."

सासूनं हात काढला.

शिवांगीला घरून बोलावून पंचफुला स्वतः गाडीत बसली. तनुजा वाचली. बाळ वाचलं नाही.

अण्णारावांनी तक्रार केली. डॉक्टर नव्हते, घरच्या कर्त्याला विचारलं नाही, तरी बाई हलवली आणि वाटेत नातू गेला. मोठ्या मॅडमच्या हुकमानं हलवली म्हणता, तर त्या मॅडमला आमच्यासमोर उभं करा. तक्रार वर गेली. वरच्या ऑफिसनं शोधलं, तर अशी मॅडम कुणी नाही. गावापर्यंत हे अजून आलं नव्हतं. मग डॉक्टरांना विचारणा, तुम्ही फोनवर सांगितलंत का? चौकशीला ज्या अधिकारी बाई नेमल्या त्या केरळकडच्या, डॉक्टरच, मराठी जेमतेम समजायची. म्हणून सगळ्यांचे रिपोर्ट इंग्रजीत मागवले होते.

"शिकवा," पंचफुला पुन्हा म्हणाली.

मी चष्मा आणला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. निवृत्तीनंतर माझ्याकडं इंग्रजीसाठी कुणी फिरकत नव्हतं. पोरं लातूरला क्लासला जायची.

"हे बघ, सरकारी इंग्रजीत लिहायची एक पद्धत असते. 'मी, मी' करायचं नाही. इट वॉज फाउंड दॅट, म्हणजे असं आढळून आलं की. इट वॉज डिसायडेड टु, म्हणजे असं ठरवण्यात आलं की."

"कुणी ठरवलं?"

"ते लिहायचं नसतं."

"मंग वाचणाऱ्याला कळणार कसं?"

"कळायचं नसतंच. ठरलं, एवढंच कळायचं."

ती माझ्याकडं टक लावून बघत राहिली. मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाली, "अगं माय! बाई, ही तर आपली मोठी मॅडम! इंग्रजीत बी जाऊन बसली का ती?"

मलाही हसू फुटलं. इतकी वर्षं पोरींना हे वाक्य शिकवलं. कुणी पाठ केलं, कुणी चुकवलं, पण इतक्या लवकर ते कुणाला समजलं नव्हतं.

तरी शाळेतल्या बाईपणाची सवय जात नाही. मी तिला म्हटलं, "हे वाक्य कुठंही ठोकायचं नसतं बरं का. बी.पी. मोजलं, इतकं भरलं. ते तू मोजलं काय अन् शिवांगीनं मोजलं काय, तेवढंच भरणार. तिथं इट वॉज फाउंड बरोबर. चार जणांनी बसून एक गोष्ट ठरवली, तिथं इट वॉज डिसायडेड बरोबर. उलट तिथं एकाचं नाव घेतलं तर चूक. पण एकट्या माणसानं ठरवलं असेल आणि असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं कुणीतरी वरच्यानं ठरवलं."

"मंग चांगलंच की. वाटू द्या."

ती लिहू लागली. अक्षर शाळेतलंच होतं, गोल आणि सावकाश. लिहिताना ओठ हलायचे. इट वॉज डिसायडेड टु शिफ्ट द पेशंट. लिहून झाल्यावर तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "लई बिनघोर वाक्य हाय, बाई."

संध्याकाळी डॉक्टर सुदर्शन मोटरसायकलवरून आले. लातूरचं पोरगं, भलं, पण घाबरट. चहा घेता घेता त्यांनी पंचफुलाचा कागद वाचला आणि मान डोलावली.

"एकदम बरोबर, मॅडम. सिस्टर, असंच राहू द्या. मीही माझ्या रिपोर्टमध्ये हेच वाक्य टाकलंय. दोघांची वाक्यं जुळली की विषय संपला."

"तुमी फोनवर सांगितलं का म्हणून इचारलं तर?"

"मी म्हणणार, नीट आठवत नाही. तुम्हीही तेच म्हणा." त्यांनी कप खाली ठेवला. "सिस्टर, मी असतो तरी हेच केलं असतं, हे तुम्हाला माहितंय. पण कागदावर कुणाचं नाव कशाला? फार तर काय होईल, वरून एक ऑर्डर निघेल. डॉक्टरच्या सहीशिवाय पेशंट हलवू नये. निघू द्या."

पंचफुला म्हणाली, "आन् तुमी कोर्टात असाल तवा?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

ते गेले. पंचफुलानं कपबशा विसळल्या. मी नको म्हणत असताना विसळल्या.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली तेव्हा शिवांगी बरोबर होती. शिवांगीला बाजेवर बसवून पंचफुलानं माझ्यासमोरच तिला विचारलं, "खरं सांगायचं पोरी. त्या दिशी माझ्या जागी तू डूटीवर असतीस तर?"

"मी?"

"हाव, तू."

"सरांची सही नसताना? न्हाई बा. मी वाट बघितली असती सरांची. माझं कंत्राट दर साली नवं होतं, सिस्टर. मला कोण ठेवून घेईल?"

"आन् तनुजा?"

शिवांगीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिला बोलही लावता येत नव्हता. पोरीनं खरं तेच सांगितलं होतं.

ती गेल्यावर पंचफुला म्हणाली, "बाई, 'म्या ठरवलं' हे इंग्रजीत कसं म्हणतात?"

"आय डिसायडेड."

"येवढंच?"

"एवढंच."

"मंग काल दिसभर ते लांबडं कशाला शिकवलं मला?"

मी तिला समजावलं. दोन वर्षं राहिलीत, सस्पेंड झालीस तर म्हातारपणी चकरा मारत बसशील. तुझ्या लुंबिनीला तरी विचार. लुंबिनी म्हणजे तिची मुलगी, तेव्हा लातूरला शिकत होती. पंचफुलानं माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून पोरीचा आवाज मलाही ऐकू येत होता. "आई, दोन वर्सं गप ऱ्हा ना. मग बोल काय बोलायचं ते."

"दोन वर्सांत लई जणी बाळंत व्हतील, लुंबिने," पंचफुला म्हणाली आणि फोन बंद केला. मग माझ्याकडं वळली. "बाई, ठरवणारं कुणीच न्हवतं असं लिवलं, तर पुढच्या पोरीला बी कुणीच न्हाई सापडणार. ती सही हुडकत बसंल. एका नर्सनं ठरवलं आन् बाई जगली, येवढं एकदा कागदावर येऊ द्या. मंग मला काय करायचं ते करू द्या त्यांना."

शाळेत फळा पुसताना जसा चेहरा असायचा, तसा होता.

आम्ही रिपोर्ट नव्यानं लिहिला. झटका आला, बी.पी. इतकं होतं, तिथं इट वॉज फाउंड ठेवलं. पुढं आय गेव्ह द इंजेक्शन. आय कॉल्ड द ॲम्ब्युलन्स. आय डिसायडेड टु शिफ्ट द पेशंट. तीन वाक्यं, तिन्ही तिच्या हातची.

चौकशी दवाखान्यातच झाली, लसीकरणाच्या खोलीत. भिंतीवर गुटगुटीत बाळांची चित्रं, शाळेतून आणलेल्या खुर्च्या. "इंग्रजी फसलं तर तुमी पायजे," म्हणून पंचफुलानं मला शेजारी बसवलं होतं. अण्णाराव, त्यांची बायको, बजरंग आणि तनुजा समोर. खिडकीत अर्धं गाव.

अधिकारी बाई आल्या. सडपातळ, सावळ्या. डोळ्यांवर चष्मा. कुणाकडं बघून हसल्या नाहीत.

खिडकीत एकदम कुजबुज झाली. "आल्या! आल्या रे! मोठ्या मॅडम आल्या!"

अण्णाराव उठून उभे राहिले. इतक्या वर्षांच्या धाकानं त्यांचे हात आपोआप जुळले. मग आपण चिडलेलो आहोत हे त्यांना आठवलं असावं. हात खाली आले. "ह्याच का त्या?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं. "ह्यांनीच ठरवलं व्हतं का?"

डॉक्टरांना त्याचं इंग्रजी करता येईना.

बाईंनी रिपोर्ट वाचले, आधी डॉक्टरांचा, मग पंचफुलाचा. पंचफुलाच्या कागदावर त्या थांबल्या. मग तिला इंग्रजीत विचारलं, सावकाश, तिला समजावं म्हणून. डॉक्टरांनी तुला फोनवर सांगितलं होतं का? पंचफुला काही बोलायच्या आत त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, अधिक हळू. मला वाटलं, ही बाई दार उघडं ठेवते आहे. डॉक्टर सुदर्शन जमिनीकडं बघत होते.

"नो, मॅडम," पंचफुला उभी राहून म्हणाली. "आय डिसायडेड."

एवढं इंग्रजी बजरंगला येत होतं. त्यानं बापाच्या कानात सांगितलं.

"मंग मोठ्या मॅडमचा फोन आल्ता म्हणून सांगितलं, ते?" अण्णाराव ओरडले.

"लबाड बोलले, मामा. फोन न्हवता आला. मोठी मॅडम म्हणून कुणी न्हाईच."

"न्हाई कसं? बजरंगच्या आईच्या डोळ्याचं आपरेशन करा म्हणून कागद आल्ता."

"म्याच सांगितलं व्हतं ते."

"पोरायच्या लशी?"

"म्याच."

"आन् तिच्यासाठी हुरडा पाठवला व्हता, तो?"

"म्या खाल्ला. ह्या बाईंनी बी खाल्ला."

खिडकीतलं अर्धं गाव माझ्याकडं बघू लागलं. मी पदर सारखा केला. दुसरं काय करणार?

कुणीतरी हसलं, पण अण्णाराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला होता. नातू गेल्याचं दुःख होतंच, त्यावर आता हे. इतकी वर्षं ते नांदेडच्या हुकमाला मान देत होते, आणि तो हुकूम ग्यानोबा वाघमाऱ्याच्या पोरीचा निघाला.

"आमाला येडं समजलीस का तू?"

"न्हाई, मामा." पंचफुलाचा आवाज चढला नाही. "खरं सांगा. फुलाबाई वाघमारेनं ठरवलं म्हणले असते, तर तुमच्या घरच्यांनी ती गाडी जाऊ दिली असती का?"

बजरंगनं मान खाली घातली. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू झाली आणि बंद पडली.

अण्णारावांची बायको बोलली, ज्या बाईनं स्ट्रेचर धरलं होतं तीच. ती नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "नसती जाऊ दिली. म्याच धरून ठेवली असती."

मग तनुजानं तोंड उघडलं. इतका वेळ ती पदर पुढं ओढून बसली होती. "मला काय बी याद न्हाई," ती म्हणाली. "फकस्त येवढं याद हाय की गाडीत सिस्टर माझ्यावर वरडून राहिल्या होत्या. झोपू नको गं, झोपू नको, तुझ्या सासूला काय सांगू मी!"

आणि सासू पदरात तोंड घालून रडू लागली.

अधिकारी बाईंनी डॉक्टरांना विचारलं, काय चाललंय? डॉक्टर सुदर्शन उभे राहिले. त्यांनी सगळं सांगितलं, मोठी मॅडम, हुरडा, स्ट्रेचर, सगळं. शेवटी त्यांच्या रिपोर्टमधलं ते वाक्य आपल्याला काढायचं आहे, असंही ते म्हणाले. मी कोर्टात होतो, माझा फोन बंद होता, मी काहीच ठरवलं नाही. ते बोलताना त्यांचे कान लाल झाले होते, पण बोलले.

बाईंनी लिहून घेतलं. निघताना त्या पंचफुलासमोर क्षणभर थांबल्या, तिच्याकडं पाहिलं आणि गाडीत बसल्या.

सस्पेंड कुणी झालं नाही. पंचफुलाला खोटं सांगितल्याबद्दल ताकीद मिळाली आणि बदली झाली, पार किनवटच्या पलीकडं. ट्रंक एसटीच्या टपावर चढवताना ती मला म्हणाली, "तिकडं नवी मोठी मॅडम करावी लागंल, बाई. का आता नावानंच सांगून बघू?"

"नावानं सांगून बघ."

"बघते."

पुढच्या साली डॉक्टर सुदर्शननी मला मोबाइलवर एका परिपत्रकाचा फोटो पाठवला. आमच्या भागातल्या सगळ्या सरकारी दवाखान्यांना आलेलं. मी पंचफुलाला फोन लावला आणि वाचून दाखवलं. इट हॅज बीन डिसायडेड दॅट. असं ठरवण्यात आलं आहे की, डॉक्टर हजर नसतील आणि जिवाला धोका असेल, तर ड्यूटीवरच्या नर्सनं स्वतःच्या निर्णयानं रुग्णाला मोठ्या दवाखान्यात पाठवावं. सहीसाठी थांबू नये.

पलीकडं कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"माझं नाव हाय का त्यात?"

"नाही गं. परिपत्रकात नावं नसतात."

"इट वॉज का इट हॅज बीन?"

"हॅज बीन."

"फरक काय?"

"वॉज म्हणजे तेव्हा ठरलं होतं. हॅज बीन म्हणजे ठरलं, आणि ते आजही लागू आहे."

"हां," ती म्हणाली. "मंग बरोबर हाय."

त्याला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टर सुदर्शन पुढं शिकले आणि लातूरला दवाखाना टाकून बसले; सणाला फोन करतात. लुंबिनी लातूरलाच नर्सिंगच्या पोरींना शिकवते. ती पोरींना रिपोर्ट लिहायला कसं शिकवते ते मी विचारलं नाही, पण मला अंदाज आहे. शिवांगीचं कंत्राट जाऊन नोकरी पक्की झाली. सहीविना तिनं पहिली बाई पाठवली, तेव्हा ती रात्रभर झोपली नव्हती म्हणे. तनुजाला पुढं नांदेडला मुलगी झाली. ती आता शाळेत जाते, आणि फळा पुसायचा असला की हात वर करते. चौकशीच्या त्या बाई कुठं गेल्या, ते परिपत्रक त्यांच्यामुळं निघालं की आणखी कुणामुळं, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

अण्णाराव कोरोनानंतर वारले. ते पंचफुलाशी पुन्हा बोलले नाहीत. पण घरात कुणी आजारी पडलं की बजरंगला म्हणत, "वाघमारे सिस्टरला फोन लाव. इचार, मोठ्या मॅडम काय म्हणतात." पंचफुला फोनवर सांगायची. बजरंग बापाला सांगायचा, आणि म्हातारा तसंच करायचा.

निवृत्तीनंतर पंचफुला आमच्याच गावात राहायला आली. मागच्या महिन्यात आम्ही दोघी बी.पी.च्या गोळ्या घ्यायला दवाखान्यात गेलो होतो. रांगेच्या बाकावर बसलो. दवाखान्याला नवा रंग दिलाय, पण लसीकरणाच्या खोलीतली बाळांची चित्रं तीच आहेत. आत एक नवी सिस्टर होती, जळकोटकडची, आम्हाला न ओळखणारी. ती बाहेरगावच्या एका बाळंतिणीच्या सासूशी हुज्जत घालत होती. म्हातारी हटत नव्हती. शेवटी ती पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आजी, मला काय सांगता? नांदेडच्या मोठ्या मॅडमनी ठरवलं हाय. कागद आला हाय."

म्हातारी वरमली. बाळ आईकडं देत तिनं विचारलं, "कशी हाय गं ती मॅडम?"

"चष्मा हाय," पोरगी म्हणाली. "हसत न्हाईत."

मी पंचफुलाकडं पाहिलं. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा नीट लावला. हसली नाही.